बंद खोक्यातली काच

१

चित्राला चेहरा नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. खुर्ची होती, खुर्चीवर टेकलेला हात होता, खांद्यावरून पुढे आलेली वेणी होती, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन होतं. मानेच्या वर मात्र नुसता ओरबाडलेला कागद आणि त्यावर सांडलेली गुलाबी भुकटी. संग्रहालयाच्या तळघरात, लांबलचक टेबलावर ते चित्र स्वतःच्याच फुटक्या काचेखाली पडलं होतं आणि भोवती माणसं मयताला आल्यासारखी उभी होती.

मला अशा ठिकाणी कोणी हौसेने बोलावत नाही. मी विमा कंपनीची तपासनीस. ऑफिसात मला कात्री म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. लोक रडत दावा घेऊन येतात आणि मी तो कापते, अशी माझी ख्याती आहे. असू दे. रडणारी माणसं खोटं बोलत नाहीत असं मला तरी अजून दिसलेलं नाही.

"हे दुरुस्त होईल का?" मी विचारलं.

संग्रहालयात बिघडलेली चित्रं दुरुस्त करणारा एक किडकिडीत गृहस्थ होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही. हे पेस्टल आहे. कागदावर बसवलेली रंगीत भुकटी, बाकी काही नाही. तेलरंगाचं चित्र फाटलं तर शिवता येतं. भुकटी गेली की गेली."

"मग प्लास्टिकची काच लावायची होती. फुटली नसती."

"प्लास्टिक पुसलं की त्यात वीज भरते आणि ते भुकटी ओढून घेतं. पेस्टलला खरी काचच लागते. म्हणून तर असलं चित्र पाठवताना वाहतूकवाला पारखून घ्यायचा असतो. आणि चित्राच्या मालकांनी कोणाला निवडलं बघा." त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यात स्टुलावर एक जाडजूड माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याची एकच गाडी. पूर्वी चित्रं, मूर्ती असला नाजूक माल नेण्यात त्याचं बऱ्यापैकी नाव होतं. मग एकदा रस्त्यात कुत्रं आडवं आलं, त्याने करकचून ब्रेक दाबला आणि मागे एका मोठ्या चित्राची काच फुटली. पेपरात आलं. तेव्हापासून तो बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवतो आणि लोक त्याला हळूभाऊ म्हणतात. तेव्हापासून त्याला चित्रही कोणी दिलं नव्हतं. गाद्या आणि कपाटं वाहून तो घर चालवत होता. मधे इतकी वर्षं गेली आणि हे पहिलं चित्र मिळालं.

दिवंगत चित्रकाराच्या मुलाने, ज्याला सगळे चिरंजीव म्हणत, पोलिसांत तक्रार देऊन टाकली होती. गाडीची चावी जमा झाली होती. आता मी अहवालात 'वाहतुकीतला निष्काळजीपणा' एवढे दोन शब्द लिहिले की आमची कंपनी सगळी भरपाई हळूभाऊकडून वसूल करणार. गाडी जाणार, घर जाणार आणि परत कोणी त्याच्या हातात साधा आरसासुद्धा देणार नाही.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो उठला.

"मी हळू आणलं, मॅडम," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर प्रकरण सरळ होतं. खोकं सीलबंद आलं होतं, चिकटपट्टीच्या जोडावर चिरंजिवांची सही होती, ती जशीच्या तशी होती. खोकं चारचौघांसमोर उघडलं होतं. म्हणजे काच आतल्या आत, गाडीच्या हादऱ्याने फुटली. मी पेनचं टोपण काढलं. मग सवयीप्रमाणे काचेचे तुकडे नजरेने जुळवायला लागले.

एक तुकडा कमी होता.

२

काच लावलेलं चित्र पाठवताना काचेवर चिकटपट्टीच्या उभ्याआडव्या पट्ट्या मारतात. वाटेत काच फुटलीच तर तुकडे पट्टीला धरून राहतात, चित्रावर पडत नाहीत. इथे तशा पट्ट्या मारलेल्या होत्या आणि छान मारल्या होत्या. प्रत्येक पट्टीचं टोक किंचित दुमडून ठेवलेलं, म्हणजे सोडवणाऱ्याला नखाने ओरबाडत बसायला नको, ब्लेड लावायला नको. ज्याने बांधलं त्याला काम येत होतं.

आणि सगळे तुकडे पट्ट्यांना धरून होते. फक्त चेहऱ्याच्या वर, एका पट्टीच्या खाली, कलिंगडाच्या फोडीएवढी जागा मोकळी होती.

"हा तुकडा कुठाय?" मी विचारलं.

"पडला असेल खोक्यात," डॉक्टर म्हणाला.

आम्ही खोकं बघितलं. चित्राभोवतीची प्लास्टिकची पिशवी उलटी करून झटकली. फोमचे चौकोन एकेक करून उचलले. काचेचा भुगा निघाला, चार बारीक टिकल्या निघाल्या. फोडीएवढा तुकडा निघाला नाही.

"तुमच्या कोणी उचलला का?"

डॉक्टर चिडला. "मॅडम, इथे धुळीचा कणसुद्धा आम्ही पाकिटात घालून ठेवतो. पिशवी कापली तेव्हा आम्ही चौघे होतो. काच कोण खिशात घालेल?"

"हळूभाऊने वाटेत काढला?"

"सील तुटलेलं नाही हे तुम्हीच बघितलंत की."

बघितलं होतं. मी चिमटा मागितला. मोकळ्या जागेवरून जाणारी पट्टी अलगद उचलून तिची चिकट बाजू उजेडाकडे केली. त्या बाजूला, बरोबर त्या फोडीच्या आकारात, गुलाबी रंग लागला होता. चित्रातल्या मुलीच्या गालाचा रंग.

मी पट्टी जागेवर ठेवली आणि पेनचं टोपण लावलं.

"हळूभाऊ, घरी जा," मी म्हणाले. "संध्याकाळी मी येते. आणि कोणी काही सही करायला सांगितलं तर करू नका."

"केली, मॅडम," तो म्हणाला. "चिरंजिवांनी सांगितलं, चूक कबूल केली तर आई तक्रार मागे घ्यायला लावेल. मी सकाळीच करून दिली."

३

असल्या माणसाचं काय करायचं? मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चूक केलेली आठवत नाही आणि कबुली देऊन मोकळा.

त्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे गाडी उभी करायची जागा. जागा रिकामी होती, तेलाचा एक डाग तेवढा होता. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली. रडून डोळे सुजले होते, पण बोलायला खणखणीत.

"यांनी रात्रंदिवस त्या गाडीसाठी गोधड्या शिवून घेतल्या माझ्याकडून," ती म्हणाली. "नव्या कापडाच्या. जुन्याला वास येतो म्हणे. चित्राला वास कळतो का?"

"तुम्हाला हे काम मिळालं कसं?" मी हळूभाऊला विचारलं.

तो पहिल्यांदा जरा सरळ बसला. "बाईंनी स्वतः फोन केला. चित्रकारांच्या मिसेसनी. मी तर ओळखत पण नव्हतो. म्हणाल्या, तुमच्याबद्दल पेपरात वाचलं होतं तेव्हापासून मनात आहे. माणसाच्या हातून एकदा चुकलं म्हणून काय त्याला जन्मभर गाद्या वाहायला लावायच्या? मला बोलायलाच येईना. हिला फोन दिला."

"मी पण रडलेच," बायको म्हणाली.

"चित्र बघितलंत का, खोक्यात घालायच्या आधी?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मी वाट बघितली. ही साधी रीत आहे, कुठल्याही भरवशाच्या वाहतूकवाल्याची. माल दोघांसमोर उघडा बघायचा, मग बंद करायचा, मग उचलायचा. तो ही रीत माझ्याइतकीच जाणून होता.

"गेलो तेव्हा खोकं बांधून तयार होतं," तो शेवटी म्हणाला. "मी म्हटलं, बाई, एकदा उघडून बघू का? त्या हसल्या. म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवला, आता तुम्ही माझ्यावर ठेवा. मग पुढे काय बोलणार? तोंडच उघडेना."

"अहो, पण तुमच्या पोटावर पाय येणार होता."

"हो. पण मला तेव्हा फार बरं वाटत होतं, मॅडम."

मी चहा तसाच ठेवून उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली, सहज सांगावी तशी.

"बाईंच्या हाताला लागलं होतं त्या दिवशी. पांढरी पट्टी होती. तशा हातानेसुद्धा त्या खोक्याला हात लावून मला म्हणाल्या, जपून न्या."

४

चित्रकाराचं घर उंच छताचं, प्रशस्त आणि थंड. भिंतीवर सगळीकडे चित्रं. शेजारी, दूधवाला, पायरीवर झोपलेलं मांजर. मधल्या भिंतीवर एक मोठा फिकट चौकोन होता, तिथून ते चित्र काढलं होतं.

घरात तीन माणसं राहत होती. चित्रकाराची बायको, जिला सगळे बाई म्हणतात. तिची धाकटी बहीण, चिरंजिवांची मावशी, लग्न न केलेली, बहिणीच्या घरीच म्हातारी झालेली. चित्रातली वेणीवाली मुलगी तीच. आणि चिरंजीव.

चिरंजीव अस्वस्थ होते. मी आल्या आल्या त्यांनी विम्याची रक्कम नुकतीच का वाढवली ते न विचारताच समजावून सांगायला सुरुवात केली. संग्रहालयाने अटच घातली होती म्हणे. मला हे आधीच कळलं होतं, तरी मी त्यांना घाम फुटू दिला. घाम फुटला की माणूस बाकीचं पण सांगतो.

"वाहतूकवाला कोणी निवडला?"

"मी मोठ्या कंपनीशी बोलून ठेवलं होतं, मॅडम. त्यांची माणसं घरी येतात, चित्र तपासतात, फोटो काढतात, स्वतःच्या लाकडी पेटीत स्वतः बांधतात. पण आई हट्टाला पेटली. म्हणाली, त्या बिचाऱ्याला काम द्यायचं. आईचा जीव मोठा आहे हो. आणि बघा त्याचं फळ काय मिळालं."

"तुम्ही बांधताना होतात?"

"नाही. मी आलो तेव्हा खोकं बंद होतं. मी नुसती सही केली."

म्हणजे चिरंजीव उघड्या चित्राजवळ नव्हतेच. राहिल्या दोघी.

मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिला मी म्हटलं, तुमचं चित्र गेलं, वाईट झालं. ती पुसतच राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय?"

"बरं झालं फुटलं ते. मी पोरगी होते. उन्हाळाभर मला त्या खुर्चीत बसवलं. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. हलवला की भावजी ओरडायचे. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणतात, किती शांत चेहरा. शांत कसला, कंटाळून मेले होते मी." तिने ताट आपटून ठेवलं. "आता तेच सगळ्या जगाला दाखवणार होते."

"चित्र कोणी बांधलं?"

तिने माझ्यामागे बघितलं. दारात बाई उभी होती. ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले, उजव्या हाताच्या तळव्याला कापडाची पट्टी.

"हिने बांधलं," बाई म्हणाली. "माझ्या हाताला लागलं होतं. सफरचंद कापताना सुरी लागली. मी नुसती बाजूला बसून सांगत होते. हो की नाही गं?"

मावशीने मान हलवली. या घरात मावशी मान हलवायचंच काम करते, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. पण बरं झालं म्हणणारी तीच, उघडं चित्र हातात असणारी तीच, आणि बांधणारीही तीच निघाली. चिरंजीव मावशीकडे पहिल्यांदाच बघावं तसे बघायला लागले.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "तू?"

५

मावशीचा चेहरा पडला. बाईने तिला सोडवायला तोंड उघडलं नाही. ते मला फार लागलं.

"एक काम करता का?" मी मावशीला म्हटलं. भिंतीवर एक छोटी फोटोची फ्रेम होती, काचेची. ती मी काढून जेवायच्या टेबलावर ठेवली आणि बॅगेतून चिकटपट्टीचं रीळ काढून तिच्या हातात दिलं. "हे लांब पाठवायचंय असं समजा. त्या दिवशी चित्र बांधलंत तसंच बांधा."

मावशीने रीळ उलटसुलट करून बघितलं. टोक सापडेना. सापडलं तेव्हा दाताने तोडून एक लांब पट्टी काढली, ती अर्ध्यात आपल्याच बोटांना चिकटली. मग तिने फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वरून कशीबशी पट्टी फिरवली, पोरं दिवाणाखाली चेंडू लपवतात तितक्या घाईने. चिरंजीव बघत होते. मी बघत होते. बाईच्या कपाळाची शीर उडत होती.

"अगं, काचेला आधी," बाई म्हणाली.

मावशीने दुसरी पट्टी काढली. तीही वाकडी.

"दे इकडे," बाई म्हणाली.

तिने फ्रेम ओढून घेतली, वर्तमानपत्र सोडून फेकलं, आणि जखमेच्या हाताने, माझ्याकडे न बघता, काचेवर सरसर पट्ट्या मारल्या. उभ्या, आडव्या. प्रत्येक पट्टी बोटाने दाबली, तोडली, आणि टोक दुमडलं. दुमडलं आणि पुढे गेली. तिसऱ्या पट्टीला तिला कळलं. हात तसाच काचेवर राहिला.

"असू दे," मी म्हणाले. "पुरे झालं."

मग मीच बोलले. मला असं बोलायला आवडतं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी आवडत नव्हतं.

"पट्टी मारलेली काच फुटली तर सगळे तुकडे पट्टीला चिकटून राहतात. त्या काचेचा एक मोठा तुकडा पट्टीला नव्हता. खोक्यातही नव्हता. सील तुटलेलं नव्हतं. म्हणजे तो तुकडा खोक्यात कधी गेलाच नाही. आणि त्याच्या जागी पट्टीच्या चिकट बाजूला गालाचा रंग होता. मधे काच असती तर पट्टी चित्राला लागली कशी असती? काच आधी फुटली. या घरात फुटली. त्या तुकड्याने कोणीतरी चेहरा खरवडला, तुकडा टाकून दिला, आणि उरलेल्या फुटक्या काचेवर पट्ट्या मारल्या."

"पण फुटक्या काचेवर पट्ट्या कोण मारेल?" चिरंजीव म्हणाले. "वाहतूकवाल्यावर ढकलायचं तर काच तशीच ठेवायची ना."

"तुम्ही असता तर तशीच ठेवली असती. मावशी असती तरी. जिने आयुष्यभर तुमच्या बाबांची चित्रं बांधली, तिचे हात विचारत नाहीत काच धड आहे की फुटकी. काच दिसली की पट्टी." मी बाईकडे वळले. "आणि उजव्या हातात सुरी धरून सफरचंद कापलं तर डाव्या हाताला लागतं. उजव्या तळव्याला लागतं ते काच मुठीत धरल्यावर."

चिरंजीव खाली बसले. "आई, नाही म्हण."

बाईने फ्रेम बाजूला सरकवली. पदराआड जाणारी, गयावया करणारी बाई असती तर मला सोपं गेलं असतं. ती तशी नव्हतीच.

"त्यांनी शेजारी काढले," ती म्हणाली. "दूधवाला काढला. मांजर काढलं. मी एकदा विचारलं, मला बसवा की समोर. म्हणाले, तू कशाला, तू पट्टी धर." तिने रीळ टेबलावर उभं केलं. "ते चित्र रोज मी पुसलं. जेवताना समोर तेच. आता संग्रहालयवाले त्याच्याखाली लिहिणार होते, चित्रकाराची प्रेरणा. आणि मला पहिल्या रांगेत बसवणार होते, टाळ्या वाजवायला."

"ताई," मावशी म्हणाली. "मला सांगायचंस. मी स्वतः फाडून दिलं असतं."

"तुला कोण विचारत होतं?" बाई म्हणाली. "तेव्हाही तुला नको होतं, आणि तुलाच मिळालं."

मावशी आत निघून गेली. मी विचारलं, कारण मला विचारायचंच होतं, "आणि हळूभाऊ?"

"मोठी कंपनी चित्र उघडून बघते. तो बघणार नाही हे मला माहीत होतं. मी गोड बोलले की तो बघणार नाही." ती क्षणभर थांबली, जणू हिशेब बरोबर आहे ना ते पाहत होती. "आणि त्याच्याकडून फुटलं म्हटल्यावर कोणी दुसरं कारण शोधलं नसतं. त्याचं नाव आधीच गेलेलं होतं. चांगल्या माणसाचं घालवण्यापेक्षा तेच बरं ना?"

दाव्यात खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही, ते माझं रोजचं आहे. या बाईचा मला मनापासून राग आला. मी सही घेण्याचे कागद काढून तिच्यापुढे आपटले.

"सही करा," मी म्हणाले. "आणि तो कबुलीचा कागद आणा, हळूभाऊने दिलेला."

चिरंजिवांनी आणून दिला. मी तो तिथेच फाडला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हळूभाऊकडे गेले. गाडी दारात होती. चावी सकाळीच मिळाली होती म्हणे, तक्रार मागे घेतली म्हणून. का मागे घेतली ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुमच्याकडून काही झालेलं नाही," मी सांगितलं. "मी तसं लिहून दिलंय. संग्रहालयालाही कळवलंय. डॉक्टर म्हणाला, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून चित्रं न्यायची आहेत, तुम्ही याल का विचारा."

त्याची बायको मटकन खाली बसली. मग उठली, डोळे पुसले आणि शेजारी सांगायला गेली. चप्पलसुद्धा घातली नाही तिने. तिचं बोलणं आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

हळूभाऊने तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. मग खिशातून फोन काढला.

"आधी बाईंना कळवतो," तो म्हणाला. "त्यांच्या जिवाला किती घोर लागला असेल. माझ्यामुळे त्यांनाच बोल लागला असणार, कोणाला दिलंस म्हणून. त्यांनीच तक्रार मागे घ्यायला लावली असणार बघा."

"फोन ठेवा," मी म्हणाले.

"दोनच मिनिटं, मॅडम."

"हळूभाऊ, फोन ठेवा."

त्याने ठेवला. माझ्याकडे बघत राहिला. मला खोटं बोलता आलं असतं. घरातच चुकून फुटली, कोणाचा दोष नाही, एवढं म्हणून चहा पिऊन उठता आलं असतं. पण अहवाल आज ना उद्या त्याच्या हातात पडणारच होता, आणि एकट्याने तो वाचत बसावं हे मला बघवलं नसतं. मी सगळं सांगितलं. काच, तुकडा, पट्ट्या, तळवा. त्याला पट्ट्यांचं मधेच समजलं. त्याने हात वर करून मला थांबवलं, पण थोड्या वेळाने म्हणाला, सांगा.

"म्हणजे मी गेलो तेव्हा खोक्यात ते तसंच होतं?"

"हो."

"आणि त्यांनी मला फोन केला, तेव्हा? पहिल्यांदा?"

"तेव्हाच ठरलं होतं."

"माझं नाव आठवून केला?"

"हो."

"चांगलं म्हणून नाही."

"नाही," मी म्हणाले. "नाही."

तो गाडीकडे बघत बसला. मागचं दार उघडं होतं, आत नव्या गोधड्या घडी करून ठेवल्या होत्या. मला वाटलं, चिडेल, शिव्या देईल, निदान माझ्यावर तरी ओरडेल. मी तयार होते त्याला. पण तो हलला नाही. फक्त त्याचे ओठ एकदा हलले, काहीतरी परत म्हणून बघावं तसे.

बायको धापा टाकत आत आली. शेजारणीने तिच्या हातावर मूठभर साखर ठेवली होती, ती तिने तशीच धरून आणली होती.

"अहो, बाईंना फोन केलात ना?" तिने विचारलं. "लागला का?"

हळूभाऊने माझ्याकडे बघितलं नाही.

"लागला," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाल्या?"

"बरं वाटलं म्हणाल्या," त्याने सांगितलं, आणि साखरेसाठी हात पुढे केला.